गाठीचा पाणीपुरवठा आणि २८ दिवसांचा हिशोब

१५ ऑक्टोबरला कमरेला लावलेला केमोचा पंप शेवटचा सुटला. बारावी सायकल संपली. घरी आल्यावर दोन दिवस नुसती झोपून काढले आणि आज हे लिहायला बसले आहे. मार्चमध्ये रात्री दोन-दोन वाजता मी मोबाईलवर ‘बेव्हॅसिझुमॅब’ हे कॅन्सरवरच्या औषधाचं नाव शोधायचे, तेव्हा एकीकडे डोक्यावरून जाणारे पेपर सापडायचे आणि दुसरीकडे ‘गाठीची उपासमार करणारं औषध’ असल्या मथळ्यांच्या चमत्कारकथा. औषध कधी देतात, कधी थांबवतात, बीपीची वही का ठेवायची, लघवी गोळा करायचा कॅन कसा सांभाळायचा, हे कुणी लिहिलेलं दिसत नव्हतं.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. पाणीपुरवठा खात्यात अभियंता आहे, वय ५४. खालचे आकडे माझ्या शरीराचे आहेत. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर तेच ऐका.

शौचातून रक्त जात होतं ते मी दोन महिने मूळव्याध समजून अंगावर काढलं. २७ जानेवारीला कोलोनोस्कोपी झाली, ३ फेब्रुवारीला सीटी स्कॅन. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला, सिग्मॉइडमध्ये गाठ, आणि यकृतात तीन डाग, त्यातला मोठा ३४ मिमीचा. म्हणजे चौथी स्टेज. धाकट्या भावाने रिपोर्ट दोनदा वाचला, घडी घालून परत पाकिटात ठेवला आणि गाडी सुरू केली. घरापर्यंत एक शब्द बोलला नाही.

गाठीने आतड्याची वाट जवळजवळ बंद करत आणली होती, म्हणून आधी तेवढा भाग काढायचं ठरलं. १२ फेब्रुवारीला ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी घरी सोडलं. यकृताकडे नंतर बघू, आधी केमो, असं ठरलं होतं.

टाके निघाले, पण पोटावरच्या जखमेचा खालचा कोपरा काही भरेना. बोटाच्या पेराएवढी जागा उघडीच राहिली. एक दिवसाआड ड्रेसिंगला जायचे. सुरुवातीला मी तिकडे बघायचेच नाही. मग एकदा धीर करून बघितलं. आत लालभडक, दाणेदार, ओलसर काहीतरी होतं, डाळिंब सोलल्यावर दिसतं तसं. मला वाटलं जखम चिघळली. सर्जन म्हणाले, “नाही हो, ही लाली चांगली. या सगळ्या नव्या केशवाहिन्या आहेत. एकेक दाणा म्हणजे त्यांचं एकेक वेटोळं समजा. रक्त पोचतंय म्हणून जखम तळातून वर भरतेय.”

हे वाक्य तेव्हा कानावरून गेलं. थोड्याच दिवसांनी त्याचा खरा अर्थ कळला.

२ मार्चला मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट मॅडमना भेटलो. बायोप्सीच्या तुकड्यावर केआरएएस-एनआरएएस ही जनुकीय तपासणी लावली होती, तिचा रिपोर्ट यायला १२ दिवस लागले होते. केआरएएसमध्ये बदल सापडला. त्यामुळे ईजीएफआर या प्रथिनाला अडवणारी औषधं माझ्या उपयोगाची नव्हती. मॅडमनी कागदावर लिहिलं: फॉलफॉक्स (हा केमोच्या औषधांचा एक संच), दर १४ दिवसांनी, अधिक बेव्हॅसिझुमॅब. मग माझ्या पोटावरची पट्टी काढून जखम बघितली आणि बेव्हॅसिझुमॅबच्या पुढे कंस करून लिहिलं: जखम पूर्ण भरल्यावरच.

“मोठ्या ऑपरेशननंतर निदान २८ दिवस जायला हवेत,” त्या म्हणाल्या. “आणि २८ दिवस झाले तरी जखम उघडी असेल तर नाही म्हणजे नाही.”

मी विचारलं, का? केमो चालते, मग हे का नाही?

तेव्हा त्यांनी जे सांगितलं त्यावर मी पुढे बराच काळ विचार करत राहिले. मोठ्या माणसाच्या शरीरात नव्या रक्तवाहिन्या फुटण्याचं काम जवळजवळ बंद असतं. ते पुन्हा सुरू होतं ते मोजक्या वेळी: पाळीच्या चक्रात, गरोदरपणात, आणि जखम भरताना. कॅन्सरची गाठ हीच यंत्रणा स्वतःसाठी चालू करून घेते. ऑक्सिजन केशवाहिनीपासून फार तर १०० ते २०० मायक्रॉनपर्यंत झिरपत पोचतो. त्यामुळे गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे गेली की आतल्या पेशी गुदमरू लागतात आणि बाहेर निरोप पाठवतात. त्या निरोपातलं मुख्य प्रथिन म्हणजे व्हीईजीएफ. ते जवळच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर जाऊन बसतं आणि तिथून नवे फाटे फुटतात. बेव्हॅसिझुमॅब ही अँटीबॉडी रक्तातलं हे प्रथिन पकडते, निरोप पोचूच देत नाही. पण हा निरोप गाठीने पाठवला की जखमेने, हे तिला कळत नाही.

म्हणजे ड्रेसिंगच्या वेळी मी जे लाल दाणे बघत होते, तेच थांबवणारं औषध मला घ्यायचं होतं. यकृतातलं ते मला दिसत नव्हतं, पोटावरचं दिसत होतं.

घरी येऊन मी वाचायला लागले. हॅरॉल्ड ड्वोरॅक या पॅथॉलॉजिस्टनी १९८६ मध्ये कॅन्सरच्या गाठीला न भरणाऱ्या जखमेची उपमा दिली होती. रक्तवाहिन्या झिरपत्या करणारा घटक त्यांच्याच प्रयोगशाळेने १९८३ मध्ये शोधला होता. पुढे १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा यांनी व्हीईजीएफ वेगळं काढलं आणि दोन्ही एकच निघालं. त्याही आधी, १९७१ मध्ये, ज्यूडा फोकमन या बोस्टनच्या सर्जननी मांडलं होतं की गाठीची वाढ नव्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते, त्या रोखल्या तर गाठ रोखता येईल. तेव्हा फार थोड्यांनी त्यांना मनावर घेतलं. औषध बाजारात यायला २००४ साल उजाडलं, आणि पहिली मंजुरी मिळाली ती माझ्याच आजारासाठी, पसरलेल्या आतड्याच्या कॅन्सरसाठी.

ज्या चाचणीवरून ही मंजुरी मिळाली तिचे आकडेही मी वाचले. ८१३ रुग्ण. नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य १५.६ महिने, बेव्हॅसिझुमॅब जोडल्यावर २०.३. वजाबाकी केली तर पाच महिनेसुद्धा नाहीत. त्या रात्री मी मोबाईल उशीखाली ठेवला आणि छताकडे बघत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी भावाला सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, तूच सांगतेस ना, सरासरी प्रेशर कुणाच्याच नळाला येत नसतं? कुणाला जास्त, कुणाला कमी. मग हे कुणाचं आयुष्य धरून बसलीस?” बरोबर होतं त्याचं. शिवाय ती केमो जुन्या पद्धतीची होती, आणि यकृतातले डाग पुढे काढता येतील का हा माझा प्रश्न त्या आकड्यांत नव्हताच. तरी सांगते, हे आकडे रात्री एकटीने वाचू नका.

९ मार्चला छातीत केमोपोर्ट बसवला, म्हणजे शिरेत औषध सोडायची कातडीखालची छोटी डबी. तासाभराचं काम, भूल फक्त त्या जागेपुरती. पण ती आणखी एक जखम. मॅडमनी मुद्दाम पोर्ट आधी बसवून घेतला, म्हणजे बेव्हॅसिझुमॅब सुरू होईपर्यंत तीही भरून आलेली असेल. त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. हे औषध चालू असताना दात काढायची वेळ येऊ नये, कारण जबड्याच्या हाडाची जखम न भरण्याचा धोका असतो. माझी एक दाढ हलत होती, ती तेव्हाच काढून टाकली. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल तर आपणहून विचारा.

१२ मार्चला २८ दिवस पूर्ण झाले. कोपरा अजून ओला. १६ मार्चची पहिली सायकल नुसत्या फॉलफॉक्सची झाली. मी हिरमुसले. आपल्याला अर्धंच औषध मिळतंय असं सारखं वाटायचं. २५ मार्चला सर्जननी पट्टी काढली, कापसाने दाबून बघितलं आणि म्हणाले, “कोरडी.” एवढा एक शब्द ऐकण्यासाठी मी सहा आठवडे थांबले होते.

आता विमा. हा भाग कंटाळवाणा आहे, पण जास्तीत जास्त दिवस इथेच वाया जातात. केमोची पूर्वमंजुरी एका दिवसात आली, बेव्हॅसिझुमॅबची अडकली. ‘या औषधाची आवश्यकता स्पष्ट करावी’ असा एका ओळीचा प्रश्न आला. पत्रात सगळं होतं, पण वजन लिहायचं राहिलं होतं आणि जनुकीय तपासणीचा रिपोर्ट जोडलेला नव्हता. तीन दिवस गेले. नंतर मी एक फाईल करून ठेवली: बायोप्सी, सीटी, जनुकीय रिपोर्ट, ऑपरेशनची तारीख, जखम भरल्याची सर्जनची चिठ्ठी, वजन, किलोमागे डोस, एकूण डोस, किती सायकली. पुन्हा प्रश्न आला नाही.

खर्चाबद्दल एक गोष्ट कामाची आहे. हे औषध १०० आणि ४०० मिलिग्रॅमच्या कुपीत येतं. माझं वजन ६२ किलो, डोस किलोमागे ५ मिलिग्रॅम, म्हणजे ३१० मिलिग्रॅम. वरच्या १० मिलिग्रॅमसाठी चौथी कुपी फोडायची आणि उरलेली टाकून द्यायची? मी फार्मसीत विचारलं. त्यांनी मॅडमना फोन केला आणि डोस ३०० वर आणला. इतका थोडा फरक चालतो, बऱ्याच ठिकाणी तशी पद्धतच आहे. दर वेळी एक कुपी वाचली. मूळ ब्रँडऐवजी बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तसंच औषध, चालेल का हेही विचारून घ्या. मला तेच दिलं. खर्चात बराच फरक पडला, परिणामात फरक पडत नाही असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

३० मार्च. दुसरी सायकल, पहिला बेव्हॅसिझुमॅब. त्याआधी संमतिपत्रावर सही. आतड्याला भोक पडणं, रक्ताची गुठळी, रक्तस्राव, पक्षाघात, हे सगळं एका पानावर. सिस्टरनी बोट ठेवून दाखवलं, “पोटात अचानक न सोसणारी कळ आली तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, रात्रीच निघायचं. छातीत दुखलं, बोलताना जीभ जड झाली, एक पाय सुजला, तरी तसंच.” हे मी फ्रिजवर चिकटवलं.

कुपीतलं औषध पाण्यासारखं दिसतं. एवढ्या चर्चेनंतर ते निदान रंगीत तरी असावं असं वाटलं होतं! १०० मिली सलाईनमध्ये घालून पहिल्यांदा ९० मिनिटं हळूहळू देतात. काही त्रास झाला नाही तर पुढच्या वेळी ६० मिनिटं, त्यानंतर ३०. माझं तसंच झालं. उलट्या, केस गळणं, यांतलं काही या औषधाचं नसतं. मळमळ, थंड भांड्याला हात लागला की बोटांत मुंग्या, हे फॉलफॉक्समधल्या ऑक्सॅलिप्लॅटिनचं. ४६ तासांचा पंप घेऊन घरी जायचं, तिसऱ्या दिवशी सुई काढायला यायचं.

शेजारच्या खुर्चीवर एक आजोबा असायचे. माझ्या पिशवीवरचं नाव वाचून म्हणाले, “हे तर माझ्या बायकोला डोळ्यात देतात.” मला ती थट्टा वाटली. पण खरं होतं. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्याखाली झिरपत्या रक्तवाहिन्या फुटतात, त्यावर याच औषधाचा थेंबभर डोस डोळ्यात टोचतात.

बीपीची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवली. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी सातला, पाच मिनिटं शांत बसून, दोनदा मोजायचं. मार्चमध्ये ११८/७६. दुसऱ्या बेव्हॅसिझुमॅबनंतर १३४/८६. तिसऱ्यानंतर, ३० एप्रिलला सकाळी, १५२/९६. मला आयुष्यात कधी बीपी नव्हतं. वही घेऊन गेले. मॅडम अजिबात दचकल्या नाहीत. व्हीईजीएफ रक्तवाहिन्यांच्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड सोडायला लावतं, त्याने त्या सैल राहतात. ते अडवलं की आवळतात. अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम सुरू झालं आणि दहा दिवसांत १३० च्या आत आलं. मात्र हॉस्पिटलात घाबरून वाढलेलं बीपी आणि औषधाने वाढलेलं बीपी यांतला फरक वहीशिवाय कळला नसता. माझ्या समोरच एकांचा डोस त्या दिवशीच्या एका आकड्यावरून पुढे ढकलला गेला.

सकाळी नाक शिंकरताना रक्ताच्या रेषा दिसायच्या, रोज. नाकाच्या आत सलाईनचा स्प्रे आणि झोपताना थोडं व्हॅसलीन, एवढ्याने भागलं. आवाज जरा घोगरा झाला. ऑफिसातून फोन आला की समोरचा विचारायचा, सर्दी का?

याच काळात एक शंका मला छळत होती. व्हॉल्व्ह बंद केला तर पुढे पाणी जात नाही. मग गाठीचा रक्तपुरवठा तोडला तर केमो तरी गाठीपर्यंत कशी पोचणार? दोन्ही एकत्र देण्यात काय अर्थ?

याचं उत्तर वाचनात सापडलं आणि ते एका इंजिनिअरचं निघालं, याचा मला आनंद झाला हे कबूल करते. राकेश जैन. आयआयटी कानपूरचे केमिकल इंजिनिअर, पुढे बोस्टनला गाठींमधल्या रक्तवाहिन्यांवर काम केलं. २००१ मध्ये त्यांनी मांडलं की गाठीतल्या रक्तवाहिन्या मुळात बिघडलेल्या असतात: वेड्यावाकड्या, कुठे फुगलेल्या, कुठे आंधळ्या, बाहेरून आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी सैल सुटलेल्या, आणि सगळीकडून झिरपणाऱ्या. गळतीमुळे गाठीच्या आत दाब साठतो, आणि आतच दाब असल्यावर बाहेरून औषध शिरणार कसं? व्हीईजीएफ योग्य प्रमाणात दाबलं तर काही काळ यातल्या निरुपयोगी फांद्या गळतात, उरलेल्या सरळ होतात, गळती कमी होते, आणि तेवढ्या काळात केमो व ऑक्सिजन आत पोचतात. ऑक्सिजन पोचणं हेही महत्त्वाचं, कारण गुदमरलेल्या पेशींवर केमोचा आणि रेडिएशनचा परिणाम कमी होतो.

मी हे वाचून हसलेच. एका वस्तीत अनधिकृत नळजोड इतके वाढले होते की शेवटच्या घरांना थेंब येत नव्हता. वरिष्ठ म्हणायचे मोठी लाईन टाका. आम्ही नवं काहीच टाकलं नाही. महिनाभर फक्त गळके जोड बंद केले, जॉइंट बदलले, आणि शेवटच्या नळाला पाणी आलं. पण मी मॅडमना हे उत्साहाने सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “छान आहे, पण प्रत्येकाच्या गाठीत असंच होतं असं नाही हं. आणि ही दुरुस्ती टिकत नाही. गाठ दुसरे निरोप शोधते. कधी कधी नव्या वाहिन्या फोडायच्या फंदातच पडत नाही, शेजारच्या चांगल्या उतीतल्या तयार वाहिन्यांना जाऊन बिलगते.” कुणाला फायदा होईल हे आधी सांगणारी खात्रीची तपासणी आजही नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

८ मे, चार सायकलींनंतरचा सीटी. मोठा डाग ३४ वरून ३१ मिमी. रिपोर्टवर ‘स्थिर’. मला रडू आलं. एवढं करून तीन मिलिमीटर? मॅडमनी खुर्ची ओढून मला स्क्रीनसमोर बसवलं. फेब्रुवारीतला डाग: कडा अस्पष्ट, भोवती उजळ कडं, आत कुठे पांढरट कुठे काळपट. मेमधला: एकसारखा करडा, कडा कोरून काढल्यासारखी. “या औषधावर आकार लगेच कमी होईल असं नाही,” त्या म्हणाल्या, “आतलं रक्त कमी झालं की डाग असा सपाट दिसतो. मी मिलिमीटरइतकंच याकडेही बघते.” सीईए, म्हणजे रक्तातून गाठीचा अंदाज देणारा आकडा, ८६ वरून १९ वर आला होता. तुमचाही पहिला रिपोर्ट ‘स्थिर’ आला तर फोटो शेजारी-शेजारी ठेवून दाखवायला सांगा. नुसता रिपोर्ट वाचून घरी जाऊ नका.

२५ मे, सहावी सायकल. प्रत्येक वेळी आधी लघवीची पट्टी बघतात. त्या दिवशी प्रथिन २+. केमो दिली, बेव्हॅसिझुमॅब थांबवला, आणि २४ तासांची लघवी गोळा करायला सांगितलं. मूत्रपिंडातली गाळणी नीट राहायला तिथल्या पेशी स्वतःच व्हीईजीएफ बनवतात. ते अडलं की गाळणीतून प्रथिन निसटतं.

यात लोक हमखास चुकतात, मीही चुकले. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशीची त्याच वेळेची सकाळची धरून. मी पहिलीच कॅनमध्ये ओतली, मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. कॅन थंड ठेवायचा असतो. आमच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काळ्या पिशवीत तो एक दिवस राहिला आणि घरातल्या सगळ्यांनी त्या दिवशी फ्रिज न उघडता काढला. आकडा आला ०.९ ग्रॅम. दोन ग्रॅम किंवा वर असता तर औषध थांबलं असतं. ८ जूनला पुन्हा सुरू झालं.

मधला एक डोस चुकल्याची मला फार धास्ती वाटली होती. पण हे औषध रक्तातून निम्मं व्हायला साधारण २० दिवस लागतात. चार आठवड्यांचं अंतर पडलं तरी ते शरीरात होतंच.

हाच २० दिवसांचा आकडा पुढे उलटा आडवा आला. ३ जुलैच्या सीटीत मोठा डाग २२ मिमी, दुसरे दोन त्याहून लहान. यकृताच्या सर्जनसकट सगळ्यांची बैठक झाली आणि ऑपरेशन शक्य आहे असं ठरलं. मला वाटलं पुढच्या आठवड्यात. सर्जननी विचारलं, “शेवटचा बेव्हॅसिझुमॅब कधी?” २२ जून. त्यांनी बोटांवर मोजलं. चार आठवडे तर कमीत कमी, त्यांना सहा हवे होते. यकृत कापल्यावर ते वाढून भरून यायलाही रक्तवाहिन्या लागतात. ६ जुलैची नववी सायकल नुसत्या केमोची झाली आणि तारीख मिळाली ११ ऑगस्ट.

हे पाच आठवडे सगळ्यांत अवघड गेले. औषध बंद, ऑपरेशन लांब, गाठ मध्ये वाढली तर? मी कॅलेंडरवर दिवस खोडायचे. भावाने एकदा ते कॅलेंडर काढून कपाटात टाकलं. मी परत लावलं.

ऑपरेशनचं थोडक्यात सांगते: साडेपाच तास, दोन डाग काढले, तिसरा आत होता तो उष्णतेने जाळला. दहा दिवस हॉस्पिटलात. या वेळी जखमेकडे मी पहिल्याच ड्रेसिंगपासून बघत होते. कोपरा न कोपरा भरला. बाराव्या दिवशी टाके निघाले तेव्हा सर्जनपेक्षा आधी मीच म्हटलं, “कोरडी.”

उरलेल्या तीन सायकली १५ सप्टेंबरपासून. मी विचारलं, बेव्हॅसिझुमॅब पुन्हा? मॅडम नाही म्हणाल्या. आतड्याची गाठ काढून झाल्यावर, दिसणारं काहीच उरलेलं नसताना हे औषध देऊन बघितलं आहे, एनएसएबीपी सी-०८ आणि अव्हांट या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये. उपयोग झाला नाही. ते रुग्ण माझ्या आधीच्या स्टेजचे होते, पण माझ्यासाठीही त्या तोच निर्णय घेणार होत्या. आधी मला हे विचित्र वाटलं. ज्याने इथवर आणलं ते आता नको? मग वाटलं, वस्तीच उठली तर जोड कुणाचे तोडणार. त्यांना हे बोलून दाखवलं नाही, त्यांनी पुन्हा एखादा अपवाद सांगितला असता.

सप्टेंबरच्या मध्यापासून नाकातलं रक्त बंद झालं. बीपी ११० च्या घरात यायला लागलं, उभं राहिलं की चक्कर. गोळी आधी निम्मी केली, मग ३ ऑक्टोबरला बंद. वहीत शेवटची नोंद १२०/७८ आहे. लघवीची पट्टी कोरी.

परवा पंप काढताना मी सिस्टरना विचारलं की पोर्ट कधी काढायचा. त्या म्हणाल्या, पुढचे दोन स्कॅन होऊ देत, तोवर महिन्यातून एकदा फ्लश करायला या. मी लगेच विचारलं, काढायच्या आधी किती दिवस काय बंद ठेवायचं?

“काही नाही ताई,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला आता काही चालूच नाही.”